स्पोर्ट्स हॅचबॅकची निवड : बडोद्याच्या रस्त्यांची कसोटी

मागचे दार वर उघडणारी, प्रवासी आणि सामान यांना एकाच छताखाली सामावून घेणारी आखूड मोटार म्हणजे हॅचबॅक. आणि तिच्यातील रोजची सोय न घालवता इंजिनाची ताकद वाढवून, सस्पेन्शन अधिक ताठ करून, ब्रेक व टायर त्या ताकदीला साजेसे बसवून तयार केलेली आवृत्ती म्हणजे स्पोर्ट्स हॅचबॅक. हा प्रकार रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयला दिले जाते. १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीस आली, तेव्हा तिचे १.६ लिटरचे इंजिन ११० अश्वशक्ती देत असे आणि कंपनीचा अंदाज केवळ पाच हजार गाड्या खपतील असा होता. प्रत्यक्षात पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्याच गाडीची आजची आवृत्ती मे २०२५ मध्ये भारतात अधिकृतपणे दाखल झाल्यानंतर आणि तिच्या आगेमागे टाटा अल्ट्रोझ रेसर, ह्युंदाई आय२० एन लाइन यांसारख्या देशी बांधणीच्या गाड्यांनी हा शौक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणल्यानंतर, बडोद्यासारख्या शहरातील ग्राहकाने अशा गाडीच्या वैशिष्ट्यांची यादी कशी वाचावी हा प्रश्न केवळ हौसेचा उरलेला नाही.

यादीच्या आरंभी नेहमी अश्वशक्तीचा आकडा आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्याचे सेकंद छापलेले असतात. बडोद्यातील ग्राहकाने मात्र ती यादी खालून वर वाचावी, कारण येथे गाडीचे मोल ठरते ते तिच्या पुढच्या दोन टायरांवर, तिच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेवर आणि पावसाळ्यातील चार दिवसांवर. अश्वशक्तीचा क्रमांक त्यानंतर लागतो.

त्याआधी भारतीय स्पोर्ट्स हॅचबॅकची मापे अशी का असतात हे समजून घेणे उपयोगाचे आहे. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवर १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले, आणि तेव्हापासून देशी कारखानदारांचे आरेखन या दोन मर्यादांच्या चौकटीत घडत आले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले तरी चौकट तीच राहिली. तिच्या आतील पेट्रोल गाडीवर १८ टक्के आणि बाहेरील गाडीवर ४० टक्के कर लागतो. अल्ट्रोझ रेसरची लांबी ३,९९० मिलिमीटर आणि इंजिन १,१९९ घनसेंटिमीटर, तर आय२० एन लाइनची लांबी ३,९९५ मिलिमीटर आणि इंजिन ९९८ घनसेंटिमीटर असणे हा योगायोग नव्हे. गोल्फ जीटीआय १,९८४ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन संपूर्ण तयार अवस्थेत आयात होते, म्हणून तिच्यावर सीमाशुल्क आणि वरचा जीएसटी असे दोन्ही बोजे पडतात. ५२ लाख ९९ हजार रुपये या तिच्या आरंभीच्या शोरूम किमतीचा मोठा भाग गाडीचा नसून करांचा आहे, आणि तरीही १५० गाड्यांची पहिली खेप संपायला वेळ लागला नाही.

इंजिनाची माहिती वाचताना दोन आकडे एकत्र पाहावे लागतात. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दंडाला मिळणारा पीळ, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. अश्वशक्ती म्हणजे तो पीळ आणि दंडाची गती यांचा गुणाकार. टॉर्कला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी, म्हणजेच आरपीएमने गुणून सुमारे ७,०२४ ने भागले की त्या क्षणी उपलब्ध असलेली अश्वशक्ती मिळते, आणि हे साधे गणित शोरूममधील पत्रकाच्या कोपऱ्यावरही करता येते. अल्ट्रोझ रेसरचे इंजिन १,७५० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान १७० न्यूटन-मीटर पीळ देते. म्हणजे १,७५० फेऱ्यांवरच तिच्याकडे सुमारे ४२ अश्वशक्ती असते. टर्बो नसलेले, ४,४०० फेऱ्यांवर ११३ न्यूटन-मीटर देणारे १.२ लिटरचे सामान्य इंजिन १,७५० फेऱ्यांवर फार तर २८ अश्वशक्ती देईल. गोल्फ जीटीआयचा ३७० न्यूटन-मीटर पीळ १,६०० फेऱ्यांपासूनच मिळत असल्याने तिथे हाच आकडा ८४ वर जातो. पत्रकात ठळक छापलेले १२० किंवा २६५ हे आकडे पाच-सहा हजार फेऱ्यांवरचे असतात, आणि रावपुऱ्यातून मांडवीकडे जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते कधी येत नाहीत. त्याला उपयोगी पडतो तो खालच्या फेऱ्यांचा पीळ. टर्बोचार्जर, म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हाच खालचा पीळ वाढवतो. मात्र ॲक्सिलरेटर दाबल्यानंतर पंख्याने वेग घेईपर्यंत क्षणभर जो सुस्तपणा जाणवतो, तो किती आहे हे कोणतेही पत्रक सांगत नाही.

ही ताकद रस्त्यावर उतरवणारा भाग पुढची दोन चाके हा आहे, कारण वर उल्लेखिलेल्या तिन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या चाकांनाच चालवते आणि तीच चाके गाडी वळवण्याचेही काम करतात. वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त अंतर कापत असल्यामुळे दोघांत वेगाचा फरक राखणारी डिफरन्शियल ही दातेरी चाकांची जुळणी असते. साध्या डिफरन्शियलचा दोष असा, की एक चाक घसरू लागले की सगळी ताकद त्याच चाकाच्या निरर्थक फिरण्यात जाते. गोल्फ जीटीआयमध्ये यासाठी विजेने नियंत्रित होणारे डिफरन्शियल लॉक असते, जे घसरणाऱ्या चाकाकडची ताकद पकड असलेल्या चाकाकडे वळवते. देशी गाड्यांत डिफरन्शियल साधेच असते आणि घसरणारे चाक ब्रेकच्या मदतीने आवरण्याचे काम इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रणाली करते, जे १२० अश्वशक्तीला पुरेसे आहे. जूनमधील पहिल्या सरीनंतर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा जो निसरडा थर होतो, त्यावर दुसऱ्या गिअरमध्येही पुढचे चाक सुटू शकते. म्हणून ही प्रणाली बटण दाबून बंद करण्याची सोय असली तरी शहरात ती बंद करू नये.

गिअरबॉक्सची निवड हवामानाशी जोडलेली आहे. दोन क्लच असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये एक क्लच सम क्रमांकाचे आणि दुसरा विषम क्रमांकाचे गिअर सांभाळतो, पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि बदल क्षणार्धात होतो. क्लचच्या तबकड्या तेलात बुडालेल्या असतील तर उष्णता तेलातून वाहून जाते. कोरड्या असतील तर ती तिथेच साठते. आय२० एन लाइनचा सात गिअरांचा गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आणि गोल्फ जीटीआयचा तेलातील क्लचचा आहे. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना सायंकाळी रेल्वे स्टेशन ते अलकापुरी हे अंतर ज्याला रोज मुंगीच्या गतीने कापावे लागते, त्याने कोरडा क्लच घेतल्यास पायाची एक सवय लावून घ्यावी : पुढची गाडी हात-दोन हात सरकली की आपणही सरकणे टाळून एक गाडीभर जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग ब्रेकवरून पाय पूर्ण उचलावा, कारण अर्धवट जुळलेला क्लचच तापतो आणि झिजतो. अल्ट्रोझ रेसरला सहा गिअरांचा हाताने बदलण्याचा गिअरबॉक्सच मिळतो. शौकिनांना त्याचे कौतुक आणि गर्दीत अडकणाऱ्यांना त्याचा जाच, ही दोन्ही मते रास्त आहेत.

आता गाडीच्या पोटाकडे वळावे, कारण बडोद्यात सर्वाधिक पश्चात्ताप येथेच होतो. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचा सर्वांत खालचा भाग आणि रस्ता यांतील अंतर. अल्ट्रोझ रेसरचे ते १६५ मिलिमीटर, तर गोल्फ जीटीआयचे सुमारे १३६ मिलिमीटर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस असावा, त्याची रुंदी ३.७ मीटर आणि मधली उंची १० सेंटिमीटर असावी. गोल्फची पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून सुमारे २.६३ मीटर अंतरावर आहेत. गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मधोमध आली की दोन्ही बाजूंची चाके स्वतःच सुमारे पाच सेंटिमीटर उचललेली असतात, म्हणजे पोटाखाली उरलेल्या पाच सेंटिमीटरचाच प्रश्न उरतो आणि गाडी सहज पार होते. अडचण मानक पाळणाऱ्या गतिरोधकाची नसतेच. ती असते सोसायटीच्या फाटकापाशी कोणीतरी सिमेंट ओतून उठवलेल्या, हातभरही रुंद नसलेल्या उंचवट्याची, ज्याला शहरात सर्रास ‘बंप’ म्हणतात. अशा वेळी चाके सपाट रस्त्यावर आणि पूर्ण उंचवटा पोटाखाली अशी स्थिती येते. उंचवटा १२ सेंटिमीटरचा असेल, गाडीत चार माणसे बसल्याने सस्पेन्शन दोन-तीन सेंटिमीटर दबलेले असेल, तर १३६ मिलिमीटर पुरत नाहीत.

म्हणून गाडी नोंदवण्याआधी घरापासून कार्यालयापर्यंतच्या वाटेवरील सर्वांत वाईट उंचवटा शोधून, त्यावर एक सरळ काठी आडवी धरून, तिच्यापासून बाजूच्या रस्त्यापर्यंतची उंची फूटपट्टीने मोजावी. ही खटपट हास्यास्पद वाटली तरी तिचा खर्च शून्य आहे. शोरूममध्येही पत्रकातील अंतर रिकाम्या गाडीचे की भरलेल्या गाडीचे हे आवर्जून विचारावे. तळघरातील पार्किंगच्या उताराचा वरचा टोकदार कोपरा हाही असाच एक विसरला जाणारा उंचवटा आहे.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडे याच संदर्भात वाचावेत. २२५/४० आर १८ याचा अर्थ टायर २२५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, आणि चाक १८ इंची. रेसरच्या १८५/६० आर १६ टायरची भिंत १११ मिलिमीटर, तर एन लाइनच्या १९५/५५ आर १६ ची सुमारे १०७ मिलिमीटर आहे. रुंद, बुटका टायर वळणावर कमी डळमळतो आणि गाडीला नेमकेपणा देतो. पण खड्ड्याच्या कडेवर आदळल्यास धक्का पचवायला त्याच्याकडे रबर कमी असते, भिंतीला फुगवटा येतो किंवा मिश्रधातूचे चाक वाकते. पावसाळ्यानंतर रस्त्यांची जी दशा होते ती पाहता दोन सेंटिमीटरचा हा फरक किरकोळ समजू नये. जादा चाक पूर्ण आकाराचे, लहान आकाराचे की केवळ पंक्चर दुरुस्तीचा संच, हेही विचारून घ्यावे, कारण फुटलेल्या भिंतीपुढे तो संच निरुपयोगी असतो.

यापुढची बाब पुराची. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात मुसळधार पाऊस आणि आजव्याच्या सयाजी सरोवराचे पाणी यांमुळे विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली, शहराचे मोठे भाग दिवसचे दिवस पाण्याखाली राहिले आणि तळघरांत व अंगणांत उभ्या असलेल्या असंख्य मोटारी बुडाल्या. (वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली ती वस्तीत शिरलेल्या मगरींची; गॅरेजवाल्यांना काम मात्र नंतर बराच काळ पुरले.) बुटक्या गाडीत हवा ओढणारी नळी, विजेच्या तारांचे जोड आणि आसनांखालील नियंत्रक सगळेच पाण्याच्या अधिक जवळ असते. पाणी इंजिनाच्या नळकांड्यात शिरले आणि इंजिन फिरवले गेले, तर हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. दट्ट्या मध्येच अडतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. यास हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात पुरामुळे झालेले नुकसान येते, परंतु पाणी शिरल्यानंतर इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान हे मालकाच्या कृतीचा परिणाम मानून सहसा नाकारले जाते. त्यामुळे इंजिन संरक्षणाची जोड अवश्य घ्यावी, बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये, शक्य असल्यास बॅटरीची तार काढावी, पाण्याची रेघ दिसेल अशी छायाचित्रे घेऊन विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलूनच न्यावी. अकोटा, मुंजमहुडा, समा किंवा वडसर यांसारख्या नदीकाठच्या भागांत राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यातील पार्किंगची जागा गाडी घेण्याआधीच ठरवलेली बरी.

विम्यासंबंधी आणखी एक गोष्ट महाग गाडीला विशेष लागू पडते. गाडीचे विमाकृत मूल्य पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाअखेरपर्यंत १५ टक्के आणि दुसऱ्या वर्षात २० टक्के घटवून धरले जाते. पन्नास लाखांच्या गाडीत ही घट एका चांगल्या हॅचबॅकच्या किमतीएवढी होते. गाडी पूर्णपणे निकामी झाल्यास बिलाइतकी रक्कम देणारी जोड म्हणूनच विचारात घेण्याजोगी आहे.

इंधनाच्या बाबतीत ऑक्टेन क्रमांकाचा अर्थ लक्षात ठेवावा : टर्बोने दाबलेल्या गरम मिश्रणाने ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटू नये, यासाठी इंधनात असलेला प्रतिकार म्हणजे ऑक्टेन. कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले तर इंजिनावरील संवेदक ठिणगीची वेळ मागे ढकलतो. त्यामुळे इंजिन वाचते, पण विकत घेतलेली ताकद पूर्ण मिळत नाही. बडोद्याच्या वेशीवर कोयलीला १९६५ पासून तेलशुद्धीकरण कारखाना आहे हे खरे, तथापि पंपावर कोणते पेट्रोल भरावे याचा निर्णय इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस छापलेल्या सूचनेवरूनच घ्यावा. इथेनॉल मिसळल्याने ऑक्टेन वाढते, परंतु इथेनॉलची दर लिटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्यामुळे अशा मिश्रणावर पत्रकातील मायलेजची अपेक्षा धरू नये.

वेगाची हौस भागवणारे रस्ते शहराच्या उंबरठ्यावरच आहेत. दुमाडपासून अहमदाबादकडे जाणारा ९३ किलोमीटरचा राष्ट्रीय द्रुतगती मार्ग क्रमांक १ आहे; भरूचच्या बाजूला दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला; आणि हालोलचा रस्ता एमजीच्या कारखान्यावरून पावागडाच्या पायथ्याशी नेतो. ज्या आवारात एकेकाळी जनरल मोटर्स गाड्या बांधत होती तिथे आज विजेवर चालणाऱ्या हॅचबॅक तयार होतात, आणि पुढच्या पिढीची वेगवान हॅचबॅक विजेवरची असण्याचा संभव बराच आहे. पण तो स्वतंत्र विषय झाला. सरळ, मोकळ्या मार्गावर रस्त्याची वेगमर्यादा गाडीच्या इंजिनाच्या मर्यादेच्या किती तरी आधी येते, म्हणून तिथे परीक्षा होते ती ब्रेक आणि टायरांची. आय२० एन लाइनला चारही चाकांवर डिस्क ब्रेक आहेत, अल्ट्रोझ रेसरच्या मागच्या चाकांवर ड्रम आहेत. एकदाच जोराने थांबताना हा फरक फारसा जाणवत नाही. मात्र पावागडच्या माचीवरून उतरताना वारंवार ब्रेक लागतात, तेव्हा बंदिस्त ड्रममध्ये उष्णता कोंडली जाते, आणि तिथे खालचा गिअर टाकून इंजिनानेच वेग आवरणे शहाणपणाचे ठरते. टायरमधील हवा नेहमी गाडी थंड असताना, सकाळी तपासावी. तापमान दर १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि दुपारी तापलेल्या टायरमधील ‘जादा’ हवा सोडून देणारा चालक प्रत्यक्षात टायर कमी दाबावर चालवत असतो.

धुराड्याचा आवाज वाढवणे किंवा इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून ताकद वाढवणे, हे प्रलोभन या गाड्यांभोवती कायम घुटमळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात उतरलेल्या मूळ तपशिलांत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही मर्यादा अधिक स्पष्ट केली आहे. असा बदल उघड झाल्यास वॉरंटी आणि विम्याचा दावा या दोहोंवर गदा येते. अल्ट्रोझ रेसरच्या धुराड्याचा आवाज कारखान्यातच बदललेला असतो, तेवढ्यावर समाधान मानणे स्वस्त पडते.

शेवटी चाचणी फेरीविषयी. शोरूमचा प्रतिनिधी सहसा मोकळ्या रस्त्याची वाट सुचवतो. ग्राहकाने दुपारची वेळ मागावी, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवावे, मागे दोन प्रौढ माणसे बसवावीत आणि गाडी दांडिया बाजारच्या गर्दीतून, अकोट्याच्या पुलावरून आणि आपल्या स्वतःच्या सोसायटीच्या फाटकातून न्यावी. दुसऱ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबून टर्बो कधी जागा होतो ते पाहावे. खडबडीत रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने गाडी चालवून मागच्या प्रवाशांना कसे वाटते ते विचारावे, कारण ताठ सस्पेन्शनचा त्रास चालकाला सर्वांत शेवटी कळतो. आयात गाडी असेल तर पुढची काच, दिवे आणि बंपर हे तीन भाग मागवल्यास किती दिवसांत मिळतील याचे उत्तर लेखी घ्यावे, आणि जवळचे अधिकृत सेवा केंद्र त्या विशिष्ट मॉडेलचे काम करते की गाडी अहमदाबादला न्यावी लागते, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.